शहराची हद्द आणि सातबाऱ्यावरची नावं

(मंडळाच्या वार्षिक संमेलनातल्या परिसंवादात केलेलं भाषण. थोडं संपादित करून सभासदांसाठी देत आहोत.)



मला दिलेला विषय आहे 'वाढतं शहर आणि त्याच्या कडेची गावं'. बोलायला वीस मिनिटं आहेत, म्हणून सगळा महाराष्ट्र न फिरता मी मुख्यतः पुण्याबद्दल बोलणार आहे. या सभागृहात पुण्यात फ्लॅट असलेले बरेच जण असतील. हात वर करायला सांगत नाही, कारण मग शेजारचा लगेच चौरस फुटाचा भाव विचारेल आणि माझी वीस मिनिटं तिथेच संपतील.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी नगररचनाकार नाही, सिव्हिल इंजिनिअर आहे. त्यामुळे कविता कमी आणि तारखा जास्त, अशी तयारी ठेवा.

आपण सहज म्हणतो, 'पुणं काय वाढलंय!' किंवा 'शहरानं गावं गिळली.' दोन्ही वाक्यांत शहर म्हणजे वडाच्या झाडासारखं, नाहीतर अजगरासारखं काहीतरी आहे, आणि ते आपोआप वाढतं किंवा गिळतं, असं गृहीत धरलेलं आहे. प्रत्यक्षात शहराची हद्द सरकते ती सरकारी अधिसूचनेनं. त्या अधिसूचनेला तारीख असते, सही असते, आणि ती आधी कुणाला कळली याचाही एक इतिहास असतो. तो सहसा लिहिला जात नाही, एवढंच.

पुण्याच्या तारखा बघू. महापालिका स्थापन झाली १९५० साली. १९९७ मध्ये आजूबाजूची ३८ गावं हद्दीत आणायचा निर्णय झाला. बाणेर, बालेवाडी, खराडी ही त्यातलीच. गावांतून विरोध झाला. कर वाढतील आणि आपल्या शेतावर रस्त्याचं नाहीतर बागेचं आरक्षण पडेल, ही भीती होती आणि ती खोटी नव्हती. २००१ मध्ये सरकारनं त्यातली १५ गावं पूर्णपणे वगळली. पण शहर वाढायचं थांबलं नाही. वगळलेल्या पट्ट्यात बांधकामं होतच राहिली, फक्त रुंद रस्त्यांशिवाय आणि ड्रेनेजशिवाय. मग २०१७ मध्ये ११ गावं आत घेतली आणि ३० जून २०२१ ला आणखी २३. महापालिकेचं क्षेत्र सुमारे ५१६ चौरस किलोमीटर झालं, म्हणजे मुंबई महापालिकेपेक्षाही मोठं. त्यानंतर २०२४ मध्ये फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही दोन गावं पुन्हा बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली. याच उरुळी-फुरसुंगीनं वर्षानुवर्षं पुण्याचा कचरा सोसला होता. शहराचा कचरा गावात आला तेव्हा गाव शहराबाहेर होतं. मग गाव शहरात आलं, आणि पुन्हा बाहेर गेलं. कचरा डेपो मात्र जागचा हलला नाही.

आत, बाहेर, पुन्हा आत. यात हललं काय? नकाशावरची एक रेघ. आता या रेघेनं माणसांच्या आयुष्यात काय बदलतं ते पाहू.

पहिली बदलते ती जमिनीची किंमत. जिरायत शेताची किंमत त्यातल्या पिकावर ठरली तर ती एक असते. त्याच शेतावर उद्या इमारत उभी राहू शकते असं कळलं की ती कितीतरी पटींनी दुसरी होते. शेतकऱ्यानं त्या वाढीसाठी काहीच केलेलं नसतं, हे खरं. पण बिल्डरनंही केलेलं नसतं, आणि ज्यानं दोन वर्षं आधी 'आतली बातमी' कळल्यावर इसार देऊन ठेवला त्यानं तर मुळीच नाही. ही वाढ रस्त्यानं होते, पाण्याच्या लाइननं होते, शेती विभागाचा निवासी विभाग झाला की होते. म्हणजे ती सार्वजनिक निर्णयातून जन्माला येते. माझ्या मते वाढत्या शहराचा सगळ्यात मोठा प्रश्न हाच आहे: सगळ्यांच्या निर्णयानं आणि सगळ्यांच्या पैशानं जी किंमत वाढते, ती कुणाच्या खिशात जाते?

याची तीन उत्तरं महाराष्ट्रानं आजवर दिली आहेत.

पहिलं उत्तर सक्तीच्या भूसंपादनाचं. १८९४ च्या कायद्यानं सरकार जमीन घेणार, शेतीच्या भावानं मोबदला देणार आणि विकसित करून शहराच्या भावानं विकणार. नवी मुंबई अशीच उभी राहिली. जानेवारी १९८४ मध्ये उरणजवळ जासई परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर आले. गोळीबार झाला आणि पाच जण मारले गेले. त्या लढ्यातून प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व आलं. त्याचा अर्थ नीट लक्षात घ्या. ते लोक 'शहर नको' म्हणत नव्हते. 'वाढलेल्या किमतीत आमचा वाटा कुठे?' असं विचारत होते.

२०१३ च्या नव्या कायद्यानं मोबदला बराच वाढवला. त्यातही एक गंमत आहे. ग्रामीण भागात बाजारभावाला दोनपर्यंतचा गुणक लावता येतो आणि त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम मिळते, म्हणजे बाजारभावाच्या चौपटीपर्यंत. शहरी भागात गुणक एकच, म्हणजे दुप्पट. आता तीच रेघ आठवा. गाव महापालिकेत गेलं की ते शहरी होतं. शेत तेच, शेतकरी तोच, पण हिशोबाचा आकडा बदलतो. गावकरी हद्दवाढीला विरोध करतात तेव्हा आपण त्यांना मागासलेले म्हणतो. कित्येकदा त्यांचं गणित आपल्यापेक्षा पक्कं असतं.

दुसरं उत्तर गुंठ्यांचं. एका एकरात चाळीस गुंठे. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यानं शेताचे असे तुकडे विकायला बंदी घातली. पण शेतकऱ्याला मुलीच्या लग्नाला पैसा हवा असतो आणि रिक्षावाल्याला, कंपनीतल्या हेल्परला, सिक्युरिटी गार्डला डोक्यावर छप्पर हवं असतं. अधिकृत फ्लॅट त्याला परवडत नाही. मग स्टँप पेपरवर व्यवहार होतो, सामाईक सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं चढतात, आणि दहा फुटी बोळात तीन मजली घर उभं राहतं. पुढे २००१ च्या गुंठेवारी कायद्यासारखे कायदे येतात आणि दंड भरून हे सगळं नियमित करून घ्या म्हणतात. 'गुंठामंत्री' या शब्दावर आपण खूप हसतो. सोन्याच्या साखळ्या, पांढरी गाडी, वाढदिवसाचे फ्लेक्स. हसण्याआधी एवढं पाहावं की तीन पिढ्या शेतात राबलेल्या घरात पहिल्यांदाच रोख पैसा आला, तो कसा गुंतवायचा हे सांगणारं कुणी नव्हतं, आणि विकत घेणारी मंडळी मात्र वकील बरोबर घेऊन आली होती.

तिसरं उत्तर मगरपट्ट्याचं. हडपसरच्या सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली सुमारे ४०० एकर सलग जमीन तुकड्यानं न विकता एकत्र केली, कंपनी काढली, आणि जमिनीच्या प्रमाणात प्रत्येकाला तिचे भाग मिळाले. बांधकाम २००० च्या सुमारास सुरू झालं. घरं झाली, ऑफिसं झाली, शेतकऱ्यांच्या मुलांना तिथेच कंत्राटं मिळाली. पुढे सिंहगड रस्त्याला नांदेड सिटी याच धर्तीवर झाली. जमिनीचा मालक शहराचा भागीदार होऊ शकतो हे यातून सिद्ध झालं, म्हणून मला या प्रयोगाबद्दल आदर आहे. पण तो सगळीकडे का होत नाही? त्याला सलग जमीन लागते, एका भावकीतला विश्वास लागतो, परवानग्या मिळेपर्यंत थांबण्याची ऐपत लागते आणि मंत्रालयापर्यंत ओळख लागते. चार एकरांच्या सहा वाटण्या झालेल्या घराकडे यातलं काय असतं?

भागीदारीचा एक जुना सरकारी मार्गही आहे: नगररचना योजना. जमिनी एकत्र करायच्या, रस्ते आणि शाळेची जागा काढायची आणि प्रत्येकाला लहान पण रस्त्यावरचा प्लॉट परत द्यायचा. हा कायदा मुंबई इलाख्यात १९१५ पासून आहे. गुजरातनं तो वापरून शहरं वाढवली. आपण तो मध्ये अनेक दशकं जवळजवळ विसरलो. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण २०१५ मध्ये आलं आणि म्हाळुंगे-माणला अशी योजना हाती घेतली. पण तोवर भोवतालच्या बऱ्याच गावांत गुंठे पडून गेले होते.

या तिन्ही उत्तरांत एक गोष्ट समान आहे. तिन्ही सातबाऱ्यापासून सुरू होतात. ज्याचं नाव सातबाऱ्यावर, त्याच्याशी बोलणी. आता सातबाऱ्यावर नसलेल्यांकडे वळू, कारण पुरोगामी म्हणवणाऱ्या आपल्यासारख्यांनी तिथेच पाहायला हवं.

गावात शेतमजूर असतो. तो वाट्यानं शेत करतो, ऊस तोडतो, बांधावरचा चारा कापून दोन शेळ्या पाळतो. शेत विकलं जातं त्या दिवशी मालकाला चेक मिळतो आणि मजुराला सुट्टी मिळते, कायमची. त्याची बायको पुढे त्याच जमिनीवरच्या सोसायटीत धुणीभांडी करते.

महार वतनाच्या जमिनी पाहा. १९५८ च्या कायद्यानं कनिष्ठ वतनं रद्द झाली आणि जमिनी नव्या शर्तीनं परत मिळाल्या. विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि सरकारला नजराणा. शर्त संरक्षणासाठी होती. पण शहर जवळ आलं की हीच शर्त दलालाच्या कामी येते. परवानगीची कटकट मी बघतो, तू फक्त मुखत्यारपत्र दे, असं म्हणत जमीन पडत्या भावात हातची जाते.

आणि बहिणी. मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत समान वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्रानं १९९४ मध्ये केली आणि देशानं २००५ मध्ये. वडील तेव्हा हयात होते की नव्हते यानं फरक पडत नाही, हा हक्क जन्मानंच मिळतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. पण गावाजवळ रिंग रोडची आखणी झाली की पहिलं काम काय होतं? बहिणींना साडी-चोळी देऊन हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात. माहेर तुटू नये म्हणून बाई सही करते. जमीन शेतीच्या भावाची असताना कुणी सही मागायला येत नव्हतं. भाव वाढला आणि मग बहिणीची आठवण झाली.

दुसरी गोष्ट पाण्याची. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चार धरणं मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी साठवतात. पुणं त्यावर जगतं आणि त्याच साखळीवर कालव्याखालचे दौंड, इंदापूरचे शेतकरीही जगतात. शहर जेवढं फुगेल तेवढी उन्हाळ्यातली ही ओढाताण वाढते. ९ ऑगस्ट २०११ ला मावळात, पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीनं पाणी नेण्याच्या विरोधात शेतकरी द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तीन जण गेले. त्यात एक बाई होती. पाइपलाइन म्हणजे इंजिनिअरला एक रेघ. शेतकऱ्याला ती आपल्या ओलिताचा शेवट वाटते.

आणि हे पाणी हद्दीत आलेल्या गावांपर्यंत तरी पोचतं का? नांदेड आणि किरकटवाडी ही गावं खडकवासला धरणाच्या पायथ्याशी आहेत. २०२१ मध्ये ती महापालिकेत आली. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गिलां-बारे या मज्जासंस्थेच्या आजाराची साथ आली. जवळपास दोनशे रुग्ण झाले, काही दगावले. सगळ्यात जास्त रुग्ण याच पट्ट्यातले होते आणि संशय दूषित पाण्यावर गेला. या भागाला विहिरीचं पाणी क्लोरीन टाकून दिलं जात होतं, शुद्धीकरण प्रकल्पातून जात नव्हतं. धरणाच्या सावलीतल्या गावाला शहरात येऊन साडेतीन वर्षं झाली तरी गाळलेलं पाणी मिळालं नव्हतं.

तक्रार कुणाकडे करायची? इथे लोकशाहीचा प्रश्न येतो. जून २०२१ मध्ये ग्रामपंचायत गेली, सरपंच गेला. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढची जवळपास चार वर्षं कारभार प्रशासकाकडे होता. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली. म्हणजे या गावांतल्या माणसाला मधल्या सगळ्या काळात ना सरपंच, ना आपण निवडलेला नगरसेवक. गावात असताना तो निदान ग्रामसभेत उठून ओरडू शकत होता. उलट टोकाचं उदाहरण हिंजवडीचं. आयटी पार्क आला, लाखो माणसं रोज ये-जा करू लागली, तरी दोन दशकांहून अधिक काळ कारभार ग्रामपंचायतीकडेच राहिला. कुठे ऐपतीपेक्षा मोठा भार, तर कुठे भार घेणारी संस्थाच गायब.

आता कुणी म्हणेल, तुम्ही खेड्यांचा गोडवा गाताय. तसं मुळीच नाही. नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्यांबद्दलच्या भाबड्या प्रेमाची कशी हजेरी घेतली होती, ते आपल्याला माहीत आहे. शहरानं अनेकांना जात विसरून नळावर पाणी भरता आलं, मुलींना कॉलेजला जाता आलं. शहर वाढू नये असं मी म्हणत नाही. शहरानं दिलेलं हे स्वातंत्र्य जर खरं असेल, तर ते कडेच्या गावातल्या मजुराला आणि बहिणीलाही मिळायला हवं, एवढंच म्हणतो. जोतीराव फुले यांची मांजरीला शेती होती. ती मांजरी बुद्रुक २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली. त्यांच्या पूर्वजांचं खानवडी हे पुरंदर विमानतळासाठी निवडलेल्या सात गावांपैकी एक आहे. 'शेतकऱ्याचा असूड' लिहिणाऱ्याच्या दोन्ही गावांशी शहर येऊन भिडलं आहे. त्यांनी विचारलेला प्रश्न, कष्ट कुणाचे आणि फायदा कुणाचा, आपल्याला आजही तसाच विचारावा लागतो.

जमिनीच्या किमतीचा विचार वेगळा करता येतो हे आपण राहतो त्या देशात दिसतं. ऑरेगन राज्यानं १९७३ च्या कायद्यानं प्रत्येक शहराला वाढीची हद्द आखायला लावली. न्यू जर्सीत १९८० च्या दशकापासून सरकार शेतकऱ्याकडून फक्त बांधकामाचा हक्क विकत घेतं. शेत त्याचंच राहतं, पैसे त्याला मिळतात आणि ती जमीन शेतीच राहते. यावर वाद आहेत, घरं महाग होतात ही तक्रार आहे. तरी निर्णय उघडपणे होतो आणि त्याची किंमत उघडपणे मोजली जाते, हे शिकण्यासारखं आहे.

शेवटी आपल्याबद्दल. आपण या गोष्टीत प्रेक्षक नाही. कडेच्या गावातल्या बऱ्याच इमारतींचे माहितीपत्रक आपल्यासाठी छापलेलं असतं. म्हणून तीन गोष्टी सुचवतो.

एक. अनिवासी भारतीयाला शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारशानं मिळू शकते. 'मित्राच्या नावावर घेऊ, नंतर बघू' असं कुणी सुचवलं तर नकार द्या. त्यात कायदा तर मोडतोच, शिवाय गावातल्या भावाचा फुगा आपण आणखी फुगवतो.

दोन. फ्लॅट घ्यायचा असेल तर बाथरूमच्या टाइल्सआधी पाणी विचारा. महापालिकेचं की टँकरचं? सांडपाणी कुठे जातं? महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची कागदपत्रं असतात, ती वाचा. सगळे गिऱ्हाईक हे प्रश्न विचारू लागले तर उत्तरं तयार ठेवावी लागतील.

तीन. तुमच्यापैकी काहींचं नाव आजही गावच्या सातबाऱ्यावर आहे. एक दिवस भावाचा किंवा चुलत्याचा फोन येईल: 'व्यवहार ठरलाय, कॉन्सुलेटमध्ये जाऊन मुखत्यारपत्र साक्षांकित करून पाठव.' सही करण्याआधी दोन प्रश्न विचारा. बहिणींचा वाटा किती धरलाय? आणि जो वर्षानुवर्षं आपलं शेत करत होता, त्याला काय देणार आहोत? अख्खी जमीन विकायची तर खरेदीदार सहसा सगळ्या वारसांच्या सह्या मागतो. त्या क्षणी तुमच्या सहीला फार मोठी किंमत असते, आणि ती तुम्ही कुणासाठी वापरता हे पूर्णपणे तुमच्या हातात असतं.

महापालिकेची हद्द आपण इथून ठरवू शकत नाही. बहिणीचा हिस्सा ठरवू शकतो.